मंदाताईंचा पंचम

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन मला साधारण गोकुळाष्टमीच्या सुमारास येतो. मागणी ठरलेली असते. "त्या गाण्यातली ती जागा तुम्हाला कशी सुचली, यावर लिहा." माझं उत्तरही ठरलेलं असतं. एका वर्षी मोतीबिंदू, एका वर्षी बायकोचा गुडघा, एका वर्षी घराचं रंगकाम. रंगकाम चुकून लागोपाठ दोन वर्षं सांगितलं. संपादक पुण्याचेच. म्हणाले, "तुमच्या घराचा रंग फार लवकर उडतो हो."

खरं कारण वेगळं होतं. ती जागा मला सुचली, पण कपाटाचं दार तुटल्यावर त्याच्यापुढे कॅलेंडर टांगायचं सुचतं ना, तशी सुचली. दार मोडलं होतं मीच. आणि ते झाकायला टांगलेलं कॅलेंडर बघायला लोक इतकी वर्षं येतात, मान डोलावतात आणि मला शाल घालून जातात. माझ्याकडे इतक्या शाली जमल्यात, की पुण्यात तेवढी थंडी पडत नाही.

यंदा लिहितोय, कारण हे जिच्यापुढे बोलायला हवं होतं ती बाई या उन्हाळ्यात गेली. भित्र्या माणसाला धैर्य असंच येतं. रस्ता रिकामा झाला की.

आधी माझा धंदा काय, ते सांगायला हवं, कारण तो माझ्या सासऱ्यांनाही शेवटपर्यंत कळला नाही. मी भावगीतांचा अरेंजर. शुद्ध मराठीत याला संगीत संयोजक म्हणतात, आणि ते ऐकून लोकांना मी गणपती मंडळाचा कार्यकर्ता वाटतो. कवी गाणं लिहितो, संगीतकार चाल लावतो, गायिका गाते. उरलेलं सगळं अरेंजर करतो. गाणं सुरू होण्याआधी जे वाजतं ते, दोन कडव्यांच्या मधे गायिका श्वास घेते तेव्हा जे वाजतं ते, ओळ संपल्यावर बासरी तिच्या मागून हळूच काही बोलते ते. कुठे किती व्हायोलिनं वाजतील, कुठे सगळ्यांनी गप्प बसायचं, हे सगळं कागदावर लिहून प्रत्येक वादकापुढे ठेवायचं.

मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "चिरंजीव काय करतात?"

"गाण्यांना म्युझिक लावतो."

"म्हणजे चाल?"

"नाही, चाल दुसरे लावतात."

"मग गातात?"

"नाही."

"वाजवतात?"

"वाजवायचा. आता वाजवणाऱ्यांना सांगतो."

सासरे बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे नोकरी नाही."

त्यांची चूक नव्हती. रेकॉर्डवर कवीचं नाव असे, संगीतकाराचं असे, गायिकेचं असे. तबकडीच्या मधोमध भोकाला जागा होती, आम्हाला नव्हती. म्हणून एखाद्या गाण्यात श्रोत्यांना आमचं काम वेगळं ओळखू आलं, तर तो आम्हाला पद्मपुरस्कार वाटायचा. माझ्या बाबतीत तो एकदाच मिळाला, आणि ज्या गाण्याला मिळाला त्याबद्दलच हे सगळं आहे. गाण्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना ओळखू येईल, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचं काही अडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट समजावून सांगतो, ती म्हणजे पट्टी. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा आपला सा ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. कोणी काळी एकला गातो, कोणी पांढरी पाचला. शेजारच्या पट्टीवर सरकलं की गाणं अर्ध्या सुरानं खाली येतं किंवा वर जातं. चाल तीच, शब्द तेच, ऐकणाऱ्याला फरक कळतही नाही. गाणाऱ्याला मात्र कळतो. उंबरठा अर्धा वीत उंच केला तर घरातल्या बाकीच्यांना काही वाटत नाही, पण भरलेली कळशी घेऊन येणारीला वाटतं.

पट्टीवरून माणसं कशी वागतात याचा एक नमुना देतो. एक बुवा होते, नाट्यगीतं गायचे. मोठं नाव, त्याहून मोठा आवाज, आणि सगळ्यात मोठा राग. त्यांचे प्रतिस्पर्धी काळी एकला गात, म्हणून बुवांनी जाहीर करून टाकलं की आपण काळी दोनला गाणार. वय साठीकडे झुकलेलं. तालमीत वरच्या सुराला त्यांचा चेहरा असा व्हायचा, की तबलजी ठेका सोडून पाण्याचा तांब्या शोधायचा. पण बुवांना सांगणार कोण?

कोणीच सांगितलं नाही. माझ्याकडे अशी पेटी होती, की आतली यंत्रणा सरकवली की बोटं काळी दोनवर असली तरी सूर अर्ध्या सुरानं खाली वाजतो. कार्यक्रमाच्या दिवशी मी ती सरकवली. तबलजीला डोळा मारला, व्हायोलिनवाल्यांना कानात सांगितलं. बुवांनी पेटीवर काळी दोन बघितली आणि गळ्यानं पांढरी दोन गायली. झकास गायले. आत येऊन म्हणाले, "बघितलंत पेंडसे? चढलो की नाही काळी दोनला?"

मी म्हटलं, "बुवा, तुमच्याशिवाय कोण चढणार?"

हा किस्सा मी फार रंगवून सांगत असे. लोक पोट धरून हसत. मीही हसत असे. पुढचं वाचताना हा किस्सा लक्षात ठेवा, एवढंच म्हणतो. रागावणाऱ्या पुरुषासाठी मी न मागता अर्धा सूर खाली आलो होतो.

मंदाकिनी लेले सदाशिव पेठेत राहायच्या. आम्ही सगळे त्यांना मंदाताई म्हणत असू, जरी माझ्याहून त्या दोन-तीन वर्षांनीच मोठ्या होत्या. नवरा सरकारी कचेरीत, घरी सासूबाई, दोन खोल्या आणि सामायिक गच्ची. रेडिओवर गायच्या, गणेशोत्सवात गायच्या. त्यांचा आवाज गोड नव्हता. त्या काळी गोड आवाज पुष्कळ होते. मंदाताईंच्या आवाजाला कोऱ्या सुती साडीसारखी खळ होती. शब्द उच्चारला की तो उभा राहायचा.

आमचे संगीतकार, त्यांना सगळे दादा म्हणत, त्यांनी ही चाल खास मंदाताईंसाठी बांधली होती. दुसऱ्या कडव्यात एक ओळ चढत चढत वरच्या सप्तकातल्या पंचमावर जाते आणि तिथे थांबते. गाण्याचा सगळा जीव त्या थांबण्यात. नारायण पेठेत दादांच्या घरी तालमी झाल्या. पांढरी पाचला मंदाताई तो पंचम असा लावायच्या, की दादांची आई आतून "कोण गं ती?" म्हणून बाहेर यायची. मग रेकॉर्ड कंपनीनं तारीख पुढे ढकलली. मंदाताईंना दिवस गेले, मुलगा झाला. आणि बाळ चार-पाच महिन्यांचं असताना कंपनीनं एकदम कळवलं, परवा मुंबईला या.

दरम्यान मी माझी करामत करून ठेवली होती. व्हायोलिनच्या खालच्या दोन तारा बोटं न ठेवता मोकळ्या वाजवल्या, तर त्या पांढरी पाचच्या षड्ज आणि पंचमावर बरोब्बर येतात. मी ठरवलं होतं, गाण्यात तंबोरा ठेवायचाच नाही. सगळ्या व्हायोलिनांच्या मोकळ्या तारा गजानं हळू घासायच्या, म्हणजे तंबोऱ्यासारखंच पण धुक्यातून आल्यासारखं वाजेल. असं मराठीत तोवर कोणी केलं नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती. कितीतरी दिवस मी त्या मोकळ्या तारेच्या नशेत होतो. बायको म्हणायची, "जेवताना तरी गुणगुणू नका, आमटी सांडते."

सकाळच्या गाडीनं आम्ही मुंबईला गेलो. मंदाताईंबरोबर सासूबाई होत्या, त्यांच्या मांडीवर बाळ. सासूबाई वाटेत सगळ्यांना सांगत होत्या, "मी आहे बाळापाशी. हिनं फक्त गायचं."

स्टुडिओत सगळं जागेवर लागल्यावर मंदाताई माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "अहो पेंडसे, अर्ध्या सुरानं खाली घेता येईल का? बाळंतपणानंतर अजून छातीत दम भरत नाही. महिनाभरात येईल परत. पण आज वरच्या पंचमाची खात्री वाटत नाही."

त्या विचारत होत्या ते अगदी रोजचं होतं. अशा वेळी अरेंजर कुरकुर करतो, कागद पुन्हा लिहितो, वादक चहा पितात आणि काम सुरू होतं. बासरीवाल्यानं ऐकलं आणि पिशवीतून दुसरी बासरी काढूनही ठेवली. तबलजीनं हातोडीकडे हात नेला.

पण अर्ध्या सुरानं खाली म्हणजे काळी तीन. आणि काळी तीनला माझी मोकळी तार मोकळी राहत नाही. त्या दिवशी कंपनीचे मोठे साहेब येऊन बसले होते. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मंदाताई, आज पंचमासाठी पट्टी बदलू, उद्या पट्टीसाठी चाल बदलू, आणि परवा चालीसाठी गायिका."

सगळे हसले. पुण्यात असं वाक्य जमलं की माणूस आठवडाभर खूश असतो. मंदाताईही हसल्या. "बरं," म्हणाल्या आणि माइकपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

तेव्हा गाणं तुकड्यातुकड्यांनी करायची सोय नव्हती. सगळे वादक आणि गायिका एका खोलीत, सुरुवात ते शेवट एका दमात. एकाची चूक झाली तर सगळ्यांनी पहिल्यापासून. पहिल्या वेळी पंचम बारीक लागला. दुसऱ्या वेळी लागला आणि लगेच चिरला. तिसऱ्या वेळी त्याच जागी बाहेर बाळ रडायला लागलं. खोली बंद असल्यामुळे ते रेकॉर्डवर आलं नसतं, पण मंदाताईंना ते कसं कोण जाणे ऐकू आलं आणि त्यांचा सूर डळमळला. दादा डोळे मिटून बसले होते. मोठे साहेब घड्याळ बघत होते.

जेवणाची सुट्टी झाली. मंदाताई बाळाला पाजायला बाहेर गेल्या. तेव्हा लॉरेन्स माझ्याजवळ आला. लॉरेन्स हा आमचा मुख्य व्हायोलिनवादक, कॅम्पात राहणारा, माझ्याहून बराच वडील. स्वरलिपी लिहायला मी त्याच्याकडेच शिकलो होतो. त्याला काका म्हटलेलं आवडत नसे, म्हणून लॉरेन्सच.

"अरे पेंडसे, त्यात काय एवढं? आम्ही सगळे तारा उतरवतो ना. व्हायोलिनच अर्धा सूर खाली लावतो. तू लिहिलंय तेच वाजवू, एक अक्षर बदलायला नको. तुझी मोकळी तार मोकळीच राहील, आणि बाई आरामात गाईल."

मी म्हटलं, "तारा सैल पडतील. मधेच घसरतील."

"घसरल्या तर परत लावू. तार आहे ती. बाईचा गळा नाही."

"आवाजातलं तेज जाईल, लॉरेन्स."

"कोणाच्या?"

उपाय त्यानं दिला होता, तो बरोबर होता, आणि माझी सगळी करामत त्यात शाबूत राहत होती. मग मी नाही का म्हणालो? यावर मी आयुष्यभर विचार केला आहे आणि उत्तर फार हलकं आहे. सकाळी सगळ्यांपुढे ते चुरचुरीत वाक्य बोलून बसलो होतो. दुपारी तारा उतरवल्या असत्या, तर ते वाक्य माझ्यावरच उलटलं असतं. दादांनी विचारलं, "काय ठरतंय?" मी म्हटलं, "आहे तेच ठेवू." दादा अशा बाबतीत माझ्यावर सोडून द्यायचे. त्यांनी सोडून दिलं.

सुट्टीनंतर पंचम पुन्हा चिरला. मग मला ती जागा सुचली. मी मंदाताईंपाशी गेलो आणि मोठ्या मनाच्या माणसासारखा म्हणालो, "तुम्ही असं करा, मध्यमापर्यंत या आणि सूर सोडून द्या. पुढचं मी बघतो." आणि लॉरेन्सला सांगितलं, बाईंचा सूर जिथे सुटेल तिथून तो तू उचलायचास आणि पंचमावर नेऊन ठेवायचास. बाकीच्यांनी खाली मोकळ्या तारा धरायच्या.

मंदाताईंनी माझे आभार मानले. खरंच मानले. म्हणाल्या, "तुम्ही सांभाळून घेतलंत हो."

लॉरेन्सनं ते फार सुंदर वाजवलं. माझ्याकडे न बघता वाजवलं. बाहेर सासूबाईंनी विचारलं, "झालं ना गं नीट?" मंदाताई म्हणाल्या, "मला नाही जमलं शेवटचं. पण यांनी निभावून नेलं."

रेकॉर्ड आली आणि ती जागा गाजली. बाई गात गात वर जाते, शब्द अर्ध्यावर विरतो आणि तिचा सूर व्हायोलिन घेऊन पुढे जातं. एका समीक्षकांना त्यात देहातून सुटलेला आत्मा दिसला. दुसऱ्यांनी लिहिलं की मराठी स्त्रीचं न बोललेलं दुःख इथे प्रथमच वाद्यानं बोललं आहे. एका व्याख्यानमालेत एक प्राध्यापक त्या जागेतल्या मौनावर तासभर बोलले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि योग्य ठिकाणी मान डोलावत होतो. मौन चिरलेल्या आवाजाचं होतं, आणि तो आवाज एका आगाऊ वाक्यामुळे चिरला होता, हे त्यांना कोण सांगणार? नंतर त्यांनी मला विचारलंही, "हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, "सुचतं." याला लोकांनी विनय म्हटलं.

इथवरच झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. धंद्यात अशा गोष्टी होतात. पण पुढच्या वर्षी दादांकडे नव्या रेकॉर्डची बोलणी चालली होती. चहा घेता घेता दादा म्हणाले, "मंदालाच सांगू या का?"

तोपर्यंत ती जागा हीच माझी ओळख झाली होती. मंदाताई पुन्हा आल्या असत्या, योग्य पट्टीत गायल्या असत्या, पंचम खणखणीत लावला असता, तर कोणीतरी विचारलं असतं, मग त्या गाण्यात काय झालं होतं? मी कप बशीत ठेवला आणि म्हणालो, "सांगा की. पण वरचं गेलंय हो त्यांचं. बाळंतपणानंतर होतं असं काहींचं."

दादा म्हणाले, "अरेरे."

एवढ्या अरेरेमध्ये एक गायिका संपली. आमचा धंदा लहान होता. सगळे एकमेकांकडे चहा प्यायचे. महिन्याभरात ती बातमी सगळीकडे पोचली आणि फिरत फिरत मंदाताईंपर्यंतही गेली असावी, कारण पुढे त्या स्वतःच लोकांना सांगू लागल्या की माझं वरचं गेलं. कार्यक्रम बंद झाले. रेडिओवरही त्या जाईनाशा झाल्या. घरी आसपासच्या बायकांना भजनं शिकवायच्या. कोणी तरी मला सांगितलं की शिकवताना वरचा सूर आला की त्या पेटीवर वाजवून दाखवतात, गाऊन दाखवत नाहीत. मी म्हटलं, "हो का?" आणि विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे.

लॉरेन्स माझ्याकडे वाजवायला येत राहिला. पण सुट्टीत तो वेगळा बसू लागला. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

हे सगळं मी बरोबर घेऊन जाणार होतो. त्यात कर्वेनगरच्या एका मुलानं खोडा घातला. मुलगा म्हणजे माझ्या हिशेबानं. वय पस्तीस, लग्न झालेलं, फ्लॅटच्या एका खोलीत स्टुडिओ. त्याला ते जुनं गाणं नव्यानं करायचं होतं आणि मी आशीर्वाद द्यायला यावं अशी त्याची इच्छा होती. मी गेलो. खोलीत वादक एकही नाही. एक संगणक, एक माइक आणि कुंडीतली एक तुळस.

"काका, ही जागा म्हणजे वेड आहे," तो म्हणाला. "व्हॉइस ड्रॉप करून व्हायोलिननी टेकओव्हर करायचं! त्या काळात! आम्ही कॉलेजमध्ये लूपवर ऐकायचो. सुचलं कसं तुम्हाला?"

मी म्हटलं, "सुचतं."

आतल्या खोलीत एक तरुण मुलगी माइकपुढे उभी होती. तिनं एकदा गाऊन बघितलं. वरच्या जागी अडखळली. काचेतून त्याला म्हणाली, "जरा स्ट्रेच होतंय."

"ओके, हाफ खाली घेतो." त्यानं एक बटण दाबलं. सगळी वाद्यं एका क्षणात अर्ध्या सुरानं खाली आली. ती गायली. पंचम लागला, स्वच्छ, भरलेला. मूळ चालीत दादांना हवा होता तसा.

मी त्याला विचारलं, "तू लगेच पट्टी बदललीस?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय काका, सिंगर कम्फर्टेबल पाहिजे ना."

त्याच्या आवाजात उपदेश नव्हता. कोणी विचारलं चहात साखर का घालता, तर माणूस ज्या सुरात सांगेल त्या सुरात त्यानं सांगितलं. मी घरी आलो. जेवलो नाही. बायकोला वाटलं, स्टुडिओत खूप चहा पाजला असेल.

दुसऱ्या आठवड्यात मंदाताईंचा पत्ता काढला. त्या मांजरीला मुलाकडे राहत होत्या. मुलगा म्हणजे तेच बाळ, आता स्वतःच निवृत्त झालेला. नवी सोसायटी, सातवा मजला, गॅलरीतून अजून उसाचे फड दिसतात. रिक्षात मी वाक्यं जुळवत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांच्या सुरुवाती लिहिल्या, पण माझ्या बोलण्याची सुरुवात काही जमेना.

मुलानं दार उघडलं आणि वाकून नमस्कारच केला. "पेंडसेकाका, आई तुमचं नाव कायम काढते."

मंदाताई खुर्चीत बसल्या होत्या. अंग पार आक्रसलेलं, पण शब्द तसेच, उभे राहणारे. "या या. सूनबाई, हे पेंडसे. यांनी माझी लाज राखली होती बरं का. तुला सांगितलंय ना मी, आवाज फाटला होता माझा त्या दिवशी. दुसरा कोणी असता तर सरळ गायिका बदलली असती."

सूनबाई माझ्याकडे आदरानं बघून शिरा करायला गेल्या. मुलगा सोसायटीच्या कसल्याशा मीटिंगला खाली गेला. आम्ही दोघंच उरलो. दादांची आठवण निघाली, सासूबाईंची निघाली. मी प्रत्येक आठवण लांबवत होतो. शिरा आला. सूनबाई पुन्हा आत गेल्या.

मग मंदाताईच म्हणाल्या, "पेंडसे, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"लॉरेन्स एकदा भेटले होते मंडईत. झाली त्याला खूप वर्षं. म्हणाले, बाई, त्या दिवशी आम्ही सगळे तारा उतरवायला तयार होतो. उतरवल्या असत्या तर तुम्ही तो पंचम गायला असता. पेंडसेला विचारा. मी काही तुम्हाला विचारलं नाही. म्हटलं, ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांनाच कसलं विचारायचं? पण आता म्हातारी झाले. खरं होतं का हो ते?"

ज्या दारावर धडक मारायला मी मांजरीपर्यंत आलो होतो, ते त्यांनी आतून उघडून दिलं होतं. मला नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, शांतपणे, जराशी मान कलती करून, तालमीत सूर पडताळून बघायच्या तशा.

आणि मी हसलो. म्हणालो, "लॉरेन्स ना? अहो, तो कॅम्पातला दिलदार माणूस. समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीही ठोकून द्यायचा."

मेलेल्या मित्राला मी खोटं पाडलं, आणि तेही कौतुकाच्या सुरात.

मंदाताई म्हणाल्या, "हो का? मग बरं झालं विचारलं. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण त्या दिवशी हट्ट धरायला हवा होता. उगीच जिवाला लावून घेतलं." आणि माझ्या बशीकडे बोट करून म्हणाल्या, "घ्या ना, गार होतोय."

मी शिरा संपवला. त्यांच्याकडे बघून मान डोलावली, छान झालाय म्हणालो आणि आणखी थोडा मागूनही घेतला, कारण तोंडात घास असेपर्यंत बोलावं लागत नाही. उत्तर तोवर तोंडाशी येऊन बसलं होतं. ते त्यांच्या प्रश्नाहून मोठं नव्हतं. एवढंच होतं: "हो मंदाताई, लॉरेन्स खरं बोलला. तारा उतरवता आल्या असत्या आणि तुमचा पंचम लागला असता. मी उतरवू दिल्या नाहीत. तुमचं वरचं कधीच गेलं नव्हतं. मला क्षमा करा."